शेल्टरच्या दाराचा दगड

२ ऑगस्ट
आलो एकदाचे पासिर रिसच्या फ्लॅटमध्ये! मी, राजस आणि आमची पाच वर्षांची इरा. समुद्रही दिसतो, मान वाकडी करून बघितलं तर. नारळ फोडल्याशिवाय मी नव्या घरात गॅस पेटवत नाही, पण या गुळगुळीत फरशीवर फोडायचा कुठे? या देशात नव्या फ्लॅटमध्ये भक्कम भिंतींचं बॉम्ब शेल्टर बांधतातच; एरवी ती अडगळीची खोली. तिच्या जाड लोखंडी दाराला टेकण म्हणून एक काळा दगड होता. त्यालाच हळदकुंकू वाहिलं, त्यावर नारळ फोडला आणि घर सांभाळ रे बाबा म्हटलं. राजस म्हणाला, दिसला दगड की केला देव.

५ ऑगस्ट
घरमालक मिस्टर क्वेक आले. कुंकू बघून खुर्चीतच बसले. दगड इंग्लंडमधल्या किल्ल्याच्या वेशीचा म्हणे. किल्ला एका सरदाराने बांधला, राजाने हिसकावला, पुढे गिरणीमालकाने घेतला, शेवटी यांच्या आजोबांनी, आणि त्यांनीच हा दगड इकडे आणला. पण कागदावर नाव कुणाचंही असो, वेशीच्या दगडाला जो शेवटचं काही अर्पण करतो तोच मालक, आणि त्याचं थोरलं मूल किल्ला ठेवून घेतो. आजोबांनी हौसेने दगडापुढे चहा ठेवला होता. यांची थोरली आत्या पुन्हा दिसली नाही. आम्ही हसलो. जाताना त्यांनी माझे दोन्ही हात धरून आभार मानले. कशाचे?

९ ऑगस्ट
इरा सारखी शेल्टरमध्ये. इथल्या मुलांच्या इंग्रजीत म्हणते, "ममी, इनसाइड गॉट मेनी रूम्स लाह." आत खूप खोल्या आहेत म्हणे. आत बॅगा, पंखा, पिठाचा डबा. बस.
आईला फोन केला. ती म्हणाली, नारळ बळीच्या जागी असतो, हे आपल्या देवांना कळतं. त्या परक्या दगडाला कोण सांगणार? ती थट्टेत म्हणाली. मला भीती वाटली.

१२ ऑगस्ट
इराने आज आत्याबरोबर खेळले म्हणून सांगितलं. तिला आत्याच नाही.
उद्या दगड समुद्रात.

१३ ऑगस्ट, दुपार
टाकला. घरी आले. राजस फोनवर, इरा आत खेळतेय म्हणाला. आणि दार — टेकणच नव्हतं. बंद झालं होतं. मीच तर दगड —

उघडलं. बॅगा. पंखा. डबा.
इरा नाही.

राजस पोलिसांना आणायला खाली गेलाय. भिंतीला कान लावला. ती आहे. खूप खोल. मला हाका मारतेय —

नारळ नाही चालला. मग मी? मीही आईची थोरलीच —

वही मांडीवर. आत बसलेय. दार ओढून घेतलं. अंधारात थंड वारा येतोय, खालून. पायऱ्या लागल्या हाताला. इरा, तिथेच थांब बाळा, मी आले, तू वर जा, मी राहते, माझा हात ध