आज कोण कुठं वाचलं

बाबा, तुमच्या नातीला मी निवड चाचणीला जाऊ दिलं नाही. तुम्ही तिला पाहिलं नाहीत, ती जन्मायच्या कितीतरी आधी तुम्ही गेलात. आता ती माझ्यापेक्षा उंच आहे आणि बास्केटबॉल खेळते. रायपूरला राज्याच्या मुलींच्या संघाची निवड होती. तिच्या मैत्रिणींची गाडी वाटेतल्या कुम्हारीच्या पुढे गेली असेल तेव्हा इथे बोरसीतल्या घरात ती भिंतीकडे तोंड करून झोपली होती, म्हणजे झोपल्याचं दाखवत होती. तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलते. डबा दे, चार्जर कुठे आहे, एवढंच. मी रागावलेली नाही. पण हे ज्याच्याशी बोलावं असं माणूस शोधत गेले तर तुमच्यापाशी येऊन थांबले.

आपल्या क्वार्टरमागचं मुरमाचं मैदान डोळ्यांसमोर येतं. सकाळची पाळी करून तुम्ही आलेले असता, चहा झालेला असतो, आणि पोलादाच्या प्लांटचे जड बूट न काढताच तुम्ही फावडं घेऊन मागे निघता. कॉलनीच्या आपल्या सेक्टरातल्या आम्ही पोरी कबड्डी खेळायला येण्याआधी मैदान उकरून मऊ व्हायला हवं, खडे वेचून घमेल्यात भरायला हवेत, वरून पाणी मारायला हवं. आई दारातून म्हणायची, "घरच्या दोडक्याच्या वेलाले कधी बादलीभर पाणी नाही टाकलं या माणसानं." तुम्ही हसायचात आणि पाणी मारत राहायचात. मग आम्हाला रांगेत उभं करून नखं बघायचात. ज्या पोरीची वाढलेली असतील तिने तिथेच, सगळ्यांसमोर कापायची. पकड करताना डोकं समोर नाही, बाजूला ठेवायचं. उडी मारून उतरताना गुडघे वाकलेच पाहिजेत. हे तुम्ही इतक्यांदा सांगायचात की आम्ही तुमच्या पाठीमागे तुमच्याच आवाजात म्हणून दाखवायचो.

खेळ संपला की घाम वाळायच्या आत तुम्ही सगळ्यांना गोल बसवायचात. ती रीत तुम्ही प्लांटमधून आणली होती. तिथे अपघात झाला तर चौकशी होतेच, पण होता होता राहिला तर तेही ज्याचं त्याने येऊन सांगायचं असतं. नियर मिस म्हणतात त्याला. आणि सांगणाऱ्याला कोणी बोल लावायचा नाही, नाहीतर पुढच्या वेळी तो सांगणार नाही. "लागलं तं सगळ्यांलेच दिसते," तुम्ही म्हणायचात. "लागता लागता वाचलं, ते ज्याचं त्यालेच मालूम असते. बोला, आज कोण कुठं वाचलं?" आमच्यातली एक चढाईला तेज होती आणि बोलायलाही. ती म्हणाली, "काका, मी गणिताच्या पेपरात वाचली." तुम्ही गंभीर चेहऱ्याने विचारलंत, "कशी?" "बाजूवालीनं दाखवलं." सगळ्या हसल्या, तुम्हीही हसलात, आणि मग म्हणालात, आता मैदानातलं सांग. तेव्हा तिने सांगितलं की नळाच्या बाजूच्या कोपऱ्यात पाय सरकतो, दोनदा तोल गेला. दुसऱ्या दिवशी येऊन बघतो तर तुम्ही चुन्याची रेघ आत सरकवून घेतली होती. शेजारच्या सेक्टरात पोरींचे हातपाय मोडायचे. आमच्यात खरचटण्यापलीकडे फारसं काही झालं नाही. त्याचं कौतुक कोणी केलं नाही, कारण जे झालं नाही ते दिसत नाही.

मग त्या शेजारच्या सेक्टराशी अंतिम सामना आला. आदल्या संध्याकाळी गोलात बसल्यावर मी सांगितलं की पकडीतून सुटताना उजवा घोटा वळला होता, पण आता ठीक आहे. तुम्ही मला उठवलंत. उजव्या पायावर उभी राहा म्हणालात, आणि डोळे मीट. मी मिटले. पाय थरथरू लागला, मी डावा टेकला. पुन्हा उभी केलीत. पुन्हा तेच. तुम्ही खाली बसून घोट्याला हात लावून पाहिलंत आणि उठता उठता म्हणालात, "उद्या तू बाहेर बसशीन."

मला वाटलं ऐकण्यात चुकलं. मी म्हटलं, "तुम्हीच म्हणता ना, सांगणाऱ्याले शिक्षा नाही."

"ही शिक्षा नाही, बाई."

"मंग काय आहे?"

तुम्ही नळ बंद केलात. पाण्याचा पाइप गुंडाळायला लागलात. मी सांगितलं नसतं तर खेळले असते, हे तिथे बसलेल्या प्रत्येकीला कळलं होतं. दुसऱ्या दिवशी माझ्याशिवाय आमच्या पोरी जिंकल्या, आणि ते हरण्यापेक्षा वाईट होतं. गणितात वाचलेली ती माझ्या शेजारी येऊन बसली आणि मायेनेच म्हणाली, "सांगून काय भेटलं तुले? बसली ना बाहेर."

त्यानंतरचे दिवस मला आता जास्त आठवतात. तुम्ही तसेच गोल बसवत होतात, तसंच विचारत होतात, आणि एकेक पोरगी सांगायची, आज काहीच नाही. पुढची, काहीच नाही. माझी पाळी आली की मीही तेच. इतक्या पोरी धावतात, आपटतात, ओढतात, आणि कोणाचंच काही होता होता राहत नाही. तुम्ही मान हलवून उठायचात. एका रात्री जेवताना तुम्ही आईला म्हणालात, "पोरी आता सांगत नाहीत." आईने भाकरी वाढली. मी ताटात बघत राहिले. पुढे केव्हातरी गोल बसणं बंद झालं, आणि तुम्ही मैदान उकरायचं तेवढं चालू ठेवलंत. तुमचा निर्णय बरोबर होता की नाही, यावर मी अनेक वर्षं मनात भांडले. आता वाटतं की तो बरोबरच होता, आणि त्यानेच तुमची सगळ्यांत चांगली रीत मोडली. दोन्ही खरं असू शकतं, हे तेव्हा मला कोणी सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं.

ती रीत मी लेकीसाठी परत सुरू केली होती. सरावाहून स्कूटीवर येताना मी विचारायचे, आज कुठं वाचलीस? मागून ती निम्मं मराठीत, निम्मं हिंदीत सांगायची. कोणाच्या कोपरापासून दात वाचले, कोण कोणाच्या पायावर उतरली. पंधरवड्यापूर्वी तिने सांगितलं, उडीवरून उतरताना गुडघा आतल्या बाजूला सरकल्यासारखा झाला आणि परत जागेवर आला. दुखत नाही म्हणाली. फिजिओथेरपिस्टकडे नेलं. त्या बाईंनी पाय नीट हलवून पाहिला आणि तीन आठवडे उडी नाही म्हणाल्या. खेळली तर काही होईलच असं नाही, पण झालं तर वर्षभर बसावं लागेल. निवड त्या तीन आठवड्यांतच होती. मी घरी येऊन तिच्या कोचना फोन केला. ती दारात उभी राहून ऐकत होती.

"मम्मी, ये तो पनिशमेंट है," ती म्हणाली. मी म्हटलं, शिक्षा नाही ही. "मग काय आहे?" बाबा, उत्तर तयार ठेवायला मला एवढी वर्षं मिळाली होती. तरी मी फोन चार्जिंगला लावायला वळले. मग ती अगदी शांतपणे म्हणाली, "तुले सांगितलं तेच चुकलं माझं. अब कुछ नहीं बताऊँगी."

गुडघ्याची मला आता फार भीती नाही, तो बरा होईल. भीती त्या वाक्याची आहे. काल तिला विचारलं, आज कसं वाटतंय? "ठीक." दुखतं का? "नाही." बाबा, ते 'नाही' खरं होतं की खोटं, मला ओळखता आलं नाही.

संध्याकाळी मी तिला गच्चीवरचे कपडे आणायला पाठवलं आणि जिन्याखाली जाऊन उभी राहिले. ती उतरायला लागली. मी तिचे पाय बघत होते, कुठला आधी टेकतो, कठड्याला हात जातो का. आणि तिथे उभं असताना आठवलं, त्या अबोल्याच्या दिवसांत तुम्ही मला सारखे गच्चीवर पाठवायचात, टाकी भरली का बघून ये म्हणून. मी वैतागायचे, आत्ताच तर बघून आले. खाली येताना तुम्ही जिन्याच्या पायथ्याशी उभे असायचात, मान वर करून. मला वाटायचं पाण्याचीच वाट बघताय.

ती नीट उतरली. निदान मला तसं वाटलं. हातातला ढीग माझ्याकडे देत म्हणाली, "सूखे ही नहीं हैं, मम्मी." हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून लिहून ठेवते: कपडे ओले आहेत, हे मला माहीत होतं.