चौथी शिदोरी

२ जाने., गुरुवार
मंडळात चौघंच. मी, रज्जाकभाई टेलर, रिटायर पोस्टमन भीमराव, आडतीवाले शिवलिंगअप्पा. चौघांच्या खाली बैठक धरायची नाही, आणि असे सलग तीन गुरुवार गेले तर बंधुमंडळ बरखास्त. संस्थापकांचाच नियम. एके काळी अख्ख्या मुरुम गावची माणसं इथं दाटीवाटीनं बसायची!

जातपात मोडायला संस्थापकांनी घालून दिलेली रीत पाळली. घरून आणलेल्या शिदोऱ्या सतरंजीवर एकत्र, मग डोळे मिटून दुसऱ्याची उचलायची. माझी भीमरावांना. "आली का ढाल! वकीलसाहेब, ही खायची का लढाईला न्यायची?" बायको गेल्यापासून गुरुवारची भाकरी मीच थापतो. हसोत.

मधेच एक पुढारी पोरगा, बुटासकट सतरंजीवर. पन्नास सभासद देतो म्हणे, अट एकच. "ही अदलाबदली बंद करा काका. ज्याचं त्याचं ताट. केटरर सांगू." त्याला बजावलं, पन्नास परके एका छपराखाली जेवले तर ती खानावळ, मंडळ नव्हे. तो गेल्यावरही माझं चालूच. भीमराव : "माईक बंद झाला, वकीलसाहेब. जेवा."

९ जाने., गुरुवार
अप्पांची शिदोरी हाती आली. उघडली नि डोकं फिरलं. बसस्टँडच्या खानावळीची भाकरी! एरवी तिथंच जेवतो मी, ओळखणार नाही?
"सून देत न्हाय," अप्पा म्हणाले. "म्हणती, माझी भाकरी तिकडं न्यायची न्हाय."
विटाळ! आजच्या काळात! "येळवशीच्या अमावास्येला सगळ्या गावाला शेतात जेवू घालता, तेव्हा कुठं जातो हा विटाळ?"
"तिथं आमी वाढतो. इथं घ्यावं लागतं."
"इतकी वर्षं घेतलंच की!"
"घेतलं. गोड लागलं असं कवा म्हणलो?"
मग तोंडाला येईल ते बोललो. अप्पा उपाशी उठून गेले.

१६ जाने., गुरुवार
अप्पा नाहीत. बैठक नाही. एक गुरुवार गेला. रज्जाकभाई : "जाके मना लो, साहब." म्हणजे माफी? ज्या गोष्टीसाठी जन्मभर सभा गाजवल्या, तिच्यासाठीच माफी?

२३ जाने., गुरुवार
पुन्हा तिघं. आपापली शिदोरी बगलेत मारून परत. लाज वाटली. राग जास्त.

२५ जाने., शनि.
अप्पांकडं गेलो. माफी मागायला नव्हे. अप्पा आडतीवर होते, दारात सून, सविता. तिलाच सुनावलं. तिनं ऐकून घेतलं.
"विटाळ? मी असं कवा म्हणलं? काका, माझी भाकरी कुणीबी खावी. पण लग्न झाल्यापासनं दर गुरुवारी थापतीय, अन् कोण खातं ते एकदाबी बघितलं न्हाय, म्हणून बंद केली. तुमच्यात बाई बसलेली चालती का?"
नियमात 'पुरुष सभासद' आहे. सांगितलं.
"मग समतेचं भाषण कुणाला देता? सतरंजीला?"
घरी येईपर्यंत तीन उत्तरं सुचली, एकही धड नाही.

२९ जाने., बुध.
नियम बदलायचा तर बैठक हवी. बैठकीला चौघं हवेत. भीमराव पोस्टातल्यासारखं कलम वाचून दाखवतात. काय लिहून गेले हे थोर लोक! म्हणे बंधुभाव! निम्मी माणसं चुलीपुढं बसवून?

३० जाने., गुरुवार
शेवटचा गुरुवार. सविता आली. शिदोरी थेट सतरंजीवर, आमच्या शिदोऱ्यांना खेटून. रज्जाकभाई "आओ बेटी" म्हणत सरकले. भीमरावांनी नियम काढला. मी त्यांच्यावर इतका ओरडलो की समोरचा पानवाला डोकावला.
मग दारात अप्पा. "सविता, घरी चल."
"जेवते अन् येते, मामंजी."
तिनं डोळे मिटून शिदोरी उचलली. भीमरावांची. त्यांना नाही म्हणता येईना, तिच्या हातातून काढूनही घेता येईना.
अप्पा आत आले नाहीत, गेलेही नाहीत. आमचं होईस्तोवर पायरीवर पाठमोरे बसून राहिले.
बैठकीला चौथं कोण धरायचं? रज्जाकभाई म्हणतात सविता. भीमराव म्हणतात कुणीच नाही, मंडळ संपलं. इतिवृत्त कोरंच ठेवलंय.
येताना पुढच्या गुरुवारसाठी गिरणीत ज्वारी दळायला टाकली.