डिस्पाइटच्या पुढचं ऑफ

अम्मी,

तुला उठवायची हिंमत झाली नाय, म्हणून लिहून ठेवतेय. चहा गाळून झाकलाय.

काल पालकसभेत तू बोलायला उभी राहिलीस तेव्हा आधी मला अभिमानच वाटला होता. आपल्या अष्टमी गावची बारकी पोरं ट्रकांच्या मधून पूल चालत ओलांडतात, शाळेची बस पुलाच्या या बाजूला यावी, एवढंच तुला सांगायचं होतं. तू "डिस्पाइट ऑफ मेनी रिक्वेस्ट्स" म्हणालीस आणि मी मागून ओरडले, "अम्मी, डिस्पाइटला ऑफ नसतं!" सगळे हसले. मीपण हसले. तू खाली बसलीस आणि बसचं सांगायचं राहूनच गेलं.

घरी येताना तू एवढंच विचारलंस, "मग काय म्हणायचं गो?" त्याचं उत्तर आता लिहितेय.

नुसतं "डिस्पाइट मेनी रिक्वेस्ट्स" म्हणायचं. ऑफ लावायचंच तर "इन स्पाइट ऑफ". पण तुझं म्हणणं काल सगळ्यांना कळलं होतं. मलापण.

मोठ्या बाईंकडे तुझ्यासाठी मधल्या सुट्टीतली वेळ मागायला लवकर निघतेय. तू नक्की ये. मराठीत बोल नायतर इंग्रजीत, मी तुझ्या बाजूला उभी राहीन. तुझं बोलून होईपर्यंत तोंड उघडणार नाय.

उमामा