दार आणि भोंगा

३ मार्च, सोमवार

होसकोट्याची पेटी आज परत मेली. श्रीकांत सर माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले आणि मीच तिचा गळा दाबल्यासारखे बघत राहिले.

पेटी म्हणजे आमच्या कंपनीचं एकुलतं एक अपत्य. शीतगृहाच्या भिंतीवर बसते, आतली थंडी मोजते, दार उघडं राहिलं की भोंगा वाजवते. होसकोट्याला के. राव म्हणून एकांचं आइस्क्रीमचं गोदाम आहे. पहिली पेटी तिथे लावली. पहिलं गिऱ्हाईक, आणि तूर्तास शेवटचं. पेटी सकाळी छान चालते. मग तिची मेमरी भरत जाते, भरत जाते, आणि दिवाळसणाला आलेल्या जावयासारखी ती आडवी होते.

त्यावर सरांचा उपाय – दुपारी गोदामातली माणसं जेवायला गेली की पेटीने आपणहून बंद होऊन परत चालू व्हायचं. सगळे सेन्सर तपासून ती कामाला लागेपर्यंत तिकडे जेवण, सुपारी, डुलकी सगळं उरकतं. तेवढा वेळ भोंगा मुका. आज मात्र दुपारपर्यंतही टिकली नाही.

"आपण रस्टमध्ये लिहिलंय. रस्टमध्ये मेमरी गळत नाही," सर म्हणाले. "हार्डवेअर बघ."

रस्ट ही आमची प्रोग्रॅमिंगची भाषा. सरांची तिच्यावर दत्तगुरूंच्या खालोखाल श्रद्धा. गळते, म्हणजे वापरून झालेली जागा मोकळी होत नाही, हे मला ठाऊक आहे. पण सोमवारी सकाळी कुणाची श्रद्धा मोडू नये.

४ मार्च, मंगळवार

रावांचा मेल आला. दाराजवळच्या डब्यांतलं आइस्क्रीम मऊ पडतं, परत गोठतं, त्यात बर्फाचे खडे होतात, दुकानदार माल परत पाठवतात. सुधारणा नसेल तर पेटी काढून न्या. सरांनी मेल मोठ्यानं वाचला. 'दार' या शब्दावर थांबून गिरीराजकडे बघितलं.

गिरीराज माझ्या शेजारी बसतो. नवा आहे, प्रोबेशनवर. दाराचा कोड त्याचा. इथलाच तो – पूर्वज शिवाजी महाराजांच्या वडिलांबरोबर बेंगळुरूला आले आणि परत जायचं विसरले, असं सांगतो. मराठी बोलतो, पण मधेमधे कानडी – 'जरा'ला स्वल्प, 'बरं'ला सरी. मला अक्का म्हणतो. मी त्याच्याहून लहान आहे हे मी सांगून पाहिलं. "सरी, अक्का," म्हणाला.

संध्याकाळी सरांनी मला बाजूला घेतलं. "राव गेले तर गिरीराजला ठेवता येणार नाही मला. तू त्याला काही बोलू नकोस."

मग मला तरी कशाला सांगितलं?

५ मार्च, बुधवार

कुणीतरी सांगितलंच वाटतं. गिरीराजने डबा उघडला नाही. बिसी बेळे भात होता. मी खाल्ला. अन्न वाया जाऊ नये.

६ मार्च, गुरुवार

दिवसभर गिरीराजचा कोड वाचला. मुलगा नीटनेटका आहे. चूक असेल तर तीही नीटनेटकी असणार.

आमच्या प्रोग्रॅममध्ये एकच वस्तू बरेच जण वापरतात. तिच्यासाठी आर्क नावाचा सामाईक पॉइंटर असतो. कितीजणांनी वस्तू धरलीये याचा तो आकडा ठेवतो. कुणी धरली की एक वाढवतो, सोडली की एक कमी करतो. दोघांनी एकाच क्षणी सोडली तरी मोजणीत घोळ होत नाही, हे त्याचं खास कौशल्य. आकडा शून्यावर आला की वस्तू साफ, मेमरी मोकळी. आमच्या कोरमंगलाच्या पीजीतला नियम तोच आहे – शेवटी जो बाहेर पडेल त्याने पंखा बंद करावा. पीजीत पाळत नाहीत. आर्क पाळतो.

म्हणजे मेमरी भरतेय याचा अर्थ, कुणीतरी बाहेर पडतच नाहीये. कोण, ते कळत नाही.

७ मार्च, शुक्रवार

आज एक वात्रटपणा केला. चांगल्या कामासाठी.

प्रत्येक प्रकारच्या वस्तूला जाताना दोन शब्द बोलायला शिकवलं. मेमरीतून साफ होण्याच्या क्षणी प्रत्येकीने पडद्यावर निरोपाची ओळ लिहायची. थर्मामीटर जाताना म्हणणार, 'चला, ताप उतरला.' घड्याळ – 'माझी वेळ झाली.' दाराला दिलं, 'येते हं, कडी लावून घ्या.' आणि भोंग्याला, 'आता तुम्हीच बोंबला.'

गिरीराज हसला. या आठवड्यात पहिल्यांदा.

"सरांना दिसलं तर, अक्का?"

"सरांना सांगू हार्डवेअर बोलतंय."

१० मार्च, सोमवार

सापडले! दोघंही!

सकाळपासून पडदा बघत बसलो होतो. थर्मामीटर येतायत, ताप उतरवून जातायत. घड्याळांची वेळ होतेय. पण दार एकदाही 'येते हं' म्हणालं नाही. भोंगाही बोंबलायला सांगून गेला नाही.

शीतगृहाच्या भिंती जाड. वायफाय सारखं तुटतं. दर वेळी जोडणी झाली की प्रोग्रॅम नवं दार आणि नवा भोंगा तयार करतो, जुन्यांना सोडून देतो. पण दाराने भोंग्याला धरलेलं, कारण उघडं राहिलं तर सांगणार कुणाला? आणि भोंग्याने दाराला धरलेलं, कारण ते लागलं हे कळल्याशिवाय थांबणार कसा? बाकी सगळ्या जगाने सोडलं तरी दोघांचाही आकडा एकाच्या खाली येत नाही. अशा जोड्यांवर जोड्या मेमरीत उभ्या.

सांगलीला आमच्याकडे पाहुणे निघाले की असंच होतं. ते उंबऱ्यात उभे, कारण आई बोलतेय. आई बोलतेय, कारण ते उभे आहेत. बाबा आत जाऊन झोपतात.

दुरुस्ती एका ओळीची. भोंग्याने दाराला धरायचं नाही. नुसता पत्ता ठेवायचा, आणि गरज पडली की विचारायचं, 'आहेस का?' असा न धरणारा पॉइंटरही असतो. त्याला वीक म्हणतात, दुबळा. ती ओळ गिरीराजलाच लिहायला लावली. त्याने लिहिली, आणि थोड्या वेळात पडद्यावर आलं – 'येते हं, कडी लावून घ्या.'

गिरीराज खुर्चीत मागे टेकला आणि डोळे मिटून बसला.

११ मार्च, मंगळवार

सरांना सांगितलं. मग म्हणाले, "म्हणजे ही गळती नाही. ही स्मरणशक्ती आहे."

श्रद्धा अशी पाहिजे.

१२ मार्च, बुधवार

होसकोटे. कॅबमध्ये के. आर. पुरमच्या पुलाखाली अर्धं आयुष्य गेलं. सर, गिरीराज आणि मी. नवा प्रोग्रॅम चढवला. राव स्वतः हजर – पन्नाशीचे, मिशा, पांढरा शर्ट, आवाज असा की भोंग्याची गरज काय असं वाटावं. सर त्यांच्याशी इंग्लिशमध्ये, ते सरांशी कानडीत. दोघांचंही नीट चाललं होतं.

मग राव पेटीच्या पडद्यापाशी गेले आणि वाचायला लागले. आणि मला आठवलं की निरोपाच्या ओळी मी काढल्याच नाहीत.

"'आता – तुम्हीच – बोंबला,'" रावांनी सावकाश वाचलं. सर पांढरे पडले. राव वळले. "हे कुनी लिवलं?"

के. राव म्हणजे खंडोजी राव. घरात साडेतीनशे वर्षं मराठी. मी हात वर केला. शाळेत करायचे तसा.

"मराठी पोरगी?" ते एवढ्या मोठ्यानं हसले की कामगार बघायला आले. "अम्माला दाखवतो. ऱ्हाऊ दे हे. काडू नका."

गोदामाच्या मागेच त्यांचं घर. अम्मा म्हणजे त्यांच्या आई सोयराबाई – ऐंशीच्या पुढच्या, एवढ्याशा, कानाने कमी. आम्हाला जेवायला वाढलं. मी गोड खात नाही म्हटल्यावर माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, जसं काही मी घरदार टाकून आलेय.

१७ मार्च, सोमवार

पेटी जिवंत. एकदाही कोसळली नाही. सर सगळ्यांना सांगतायत, रस्ट आहे बाबा. दुपारचं ते बंद-चालू करणं आता काढून टाकायचं ठरलं. शिवाय सरांनी नवी सोय करून घेतली – जेवणाच्या सुट्टीत गोदामात कुणाचं काम नसतं, तेव्हा दार नुसतं उघडलं तरी भोंगा वाजावा.

१९ मार्च, बुधवार

परत होसकोटे. गिरीराज आणि मी. बंद-चालू काढलं, नवी सोय घातली. खंडोजींना सांगायचं होतं, पण ते सकाळभर बाहेर. सुट्टी झाली तेव्हा आले आणि आम्हाला ओढतच जेवायला घेऊन गेले. दोन घास खाल्ले आणि "स्वल्प फोन करून येतो," म्हणून उठले. सोयराबाई आम्हाला भात वाढून आत गेल्या.

भोंगा वाजला. छोटासा. आम्ही हात धुवेपर्यंत थांबलाही. गिरीराज म्हणाला, "चुकून असेल." परत बसलो. ताकापर्यंत आलो आणि पुन्हा भोंगा – या वेळी थांबेचना.

पळालो. कामगार एका बाजूनं, खंडोजी दुसऱ्या बाजूनं, हातात फोन. शीतगृहाचं दार अर्धवट उघडं, गार धूर बाहेर येतोय, आत कुणी नाही. खंडोजींनी खांदा लावून दार लोटलं तेव्हा भोंगा गप्प झाला.

"कोनबी न्हाई," ते म्हणाले. "बगा. पेटी खोटं बोलते."

"दार तर उघडं होतं," गिरीराज म्हणाला.

"वाऱ्यानं."

तसलं दार वाऱ्याने! मी काही बोलणार, तेवढ्यात भिंतीकडेला सोयराबाई दिसल्या. स्टुलावर बसलेल्या, तोंडाला पदर. आमच्याकडे बघून शांतपणे हसल्या. पदर जरा सरकला. ओठाच्या कडेला हिरवं. पिस्ता.

मी वळून पेटीच्या वायरी तपासायला लागले.

२० मार्च, गुरुवार

खंडोजींचा सरांना फोन. पेटी उगाच बोंबलते, दाराचा कोड चुकतोय, काढून न्या. सरांनी गिरीराजला केबिनमध्ये बोलावलं. बाहेर आला तेव्हा टेबलावरचा कप पिशवीत भरायला लागला. अजून कुणी जा म्हटलेलं नाही, तरी.

मला खरं माहीत आहे. सांगितलं तर ऐंशी वर्षांच्या बाईची मुलासमोर, कामगारांसमोर चोरी उघडी पडणार. नाही सांगितलं तर गिरीराजची नोकरी.

मी त्याचा कप पिशवीतून काढून परत टेबलावर ठेवला. त्याने बघितलं.

२१ मार्च, शुक्रवार

सुट्टी टाकून एकटीच गेले. बसने. खंडोजी बाजारात गेले होते, हे फोन करून आधीच काढून घेतलं होतं.

सोयराबाई ओट्यावर शेंगा सोलत होत्या. मी शेजारी बसले, सोलायला लागले. मग कानाशी जाऊन म्हटलं, "अम्मा, पिस्ता बरा की आंबा?"

हात थांबले. माझ्याकडे बघितलं. "पिस्ता," म्हणाल्या. "आंबा लई गोड करतो खंडू."

मग सगळं आलं. डॉक्टरने साखर बंद केलीये. त्यांची आणि मुलाची, दोघांचीही. तो त्यांच्या डब्यावर लक्ष ठेवतो, त्या त्याच्या. दुपारी पेटीचा दिवा विझतो हे त्यांनी पहिल्याच आठवड्यात हेरलं. तेव्हापासून रोज दोन चमचे. दार उघडायला येतं, पण परत ओढून लावणं होत नाही – "म्हैस हाय ती" – म्हणून ते तसंच, कामगार येऊन लावेपर्यंत. खडे का होत होते ते कळलं. आमची पेटी झोपायची म्हणून अम्मा जेवायच्या.

"पण परवा दोनदा वाजला," मी म्हटलं.

"मला कुटं ऐकू येतंय? मी एकदाच गेलते. भाईर स्टुलावर बसून खात होते. लोकं धावत आली तवा कळलं." मग हातातली शेंग तशीच धरून, "दोनदा?"

गिरीराजची नोकरी जाईल, हे सांगितलं. त्यांनी शेंग टाकली. "त्या पोराची? मग सांग जा. माझं काय व्हायचंय ते होऊ दे." आणि लगेच, हळूच, "पन खंडूला सांगू नको. दुसऱ्या कुनालाबी सांग."

मुलाला न सांगता मुलाच्या गोदामातली गोष्ट कुणाला सांगायची! बसमध्ये विचार केला. पहिला भोंगा अम्मांचा नव्हे. मग दुसराही कुणी जातो, आणि तोच आधी जातो. कामगारच असणार. अम्मांना निघतानाच बजावलं होतं, पुढचे काही दिवस पिस्ता नाही. घरी पोचल्यावर खंडोजींना अत्यंत नम्र मेल लिहिला – पेटी खोटं बोलते असं आपलं म्हणणं आहे, तेव्हा खात्रीसाठी आम्ही दारावर कॅमेरा बसवतो. जेवणाच्या सुट्टीत कोण येतं-जातं ते दिसेल. सोमवारी माणूस येईल. कामगारांनाही कृपया कळवावे.

माणूस कुठला? कॅमेराही नाही. कामगारांच्या कानावर बातमी गेली की पुरे.

२४ मार्च, सोमवार

सकाळी खंडोजींचा फोन. एवढ्या हळू आवाजात की आधी ओळखलंच नाही.

"मॅडम, कॅमेरा नको. पेटी बरोबर हाय. तुमच्या सरांना तसं लिवलंय, गिरीराजचं नाव घालून."

मागे दार ओढून लावल्याचा आवाज आला.

"तो पयला भोंगा – अम्माला सांगू नका."