ढग नसताना बसलेले धक्के

प्रिय फुगेवाल्यास (म्हणजे जन्मभर हवामानखात्याचे फुगे आभाळात सोडलेल्या माझ्या एकुलत्या एका मेव्हण्यास),

सप्रेम नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? माझे दोन्ही जागेवर आहेत, पण माझं ऐकत एकही नाही.

काल विमानात बसलो. आभाळ इतकं निळं, की शाळेत आपण एकेक कडवं वाटून म्हणायचो त्या कविता आठवल्या (तू तुझं कडवं घाईत उरकायचास, मी शेवटची ओळ लांबवायचो, आणि छडी दोघांना). डोळे मिटून गुणगुणतो न गुणगुणतो तोच विमान असं आदळलं, की माझा चहा छताला लागला. बाहेर ढगाचं बोंडसुद्धा नव्हतं! घाबरून मी शेजारच्या बाईंचा पट्टा करकचून आवळला आणि ओरडलो, "किती वेळा सांगितलं, पट्टा लाव म्हणून!" चाळीस वर्षं तुझ्या बहिणीला हेच सांगत आलो, ती जाऊन दीड वर्ष झालं, हे हातांना कुठे ठाऊक? बाई शांतपणे म्हणाल्या, "आजोबा, लावलेलाच होता. आता जरा सैल करा, श्वास घेऊ द्या."

त्या भूगोल शिकवतात. म्हणाल्या, वर वाऱ्याची एक सुसाट नदी वाहते आणि तिला लागूनच संथ हवा असते. दोघींचा वेग जुळत नाही, म्हणून मध्ये भोवरे उठतात. रडारला पाण्याचे थेंब दिसतात, कोरडी हवा दिसत नाही. त्यामुळे वैमानिकालाही आधी पत्ता लागत नाही. (तूही कधीतरी सांगितलं असशील, मी कवितेत असेन.)

उरलेल्या वाटेवर तुझाच विचार केला. आपलं भांडण असं झालंच नाही. ती गेली आणि आठवड्यात तू तिचं कपाट रिकामं केलंस, कपडे वाटून टाकलेस. मला तिचा चष्मा उशाजवळून हलवता येईना. तू म्हणालास, "आवर आता." मी म्हणालो, "बरं." एवढंच. त्यानंतर एक फोन नाही.

तुझा,
शेवटची ओळ लांबवणारा

ता. क. विमान तुझ्याच गावी आलं. तुझ्या गल्लीच्या टोकाला लॉजवर उतरलोय. सकाळपासून दोनदा फाटकापर्यंत येऊन परत फिरलो. (कुंड्या सुकल्यात. पाणी घाल.)

आणखी एक ता. क. चष्मा आणलाय. त्या घाईत तू स्वतःसाठी काहीच ठेवलं नव्हतंस, हे विमानात लक्षात आलं. आता हा तू ठेव.

शेवटचा ता. क. हे पत्र टपालात न टाकता तुझ्या दाराखालून सरकवणार आहे. त्यासाठी एकदा खाली बसलो की मला उठता येत नाही, गुडघ्यांचं वर लिहिलंच आहे. तेव्हा तू हे वाचत असताना मी दाराबाहेर जमिनीवर बसलेला असेन. या वेळी तू घाई केलीस तर माझी काही हरकत नाही.