मागच्या यादीतलं आडनाव

५ मार्च

प्रबंध परत आला! सून दार न लावताच आत आली, गठ्ठा माझ्या शिलाई मशीनवर टाकला आणि बुटांसकट खाटेवर बसली. मी म्हटलं, बूट काढ. तिनं काढले नाहीत. तेव्हाच समजले, काहीतरी मोठं आहे.

रात्रपाळी करणाऱ्या बायकांच्या झोपेवर लिहिलंय तिनं. त्यापायी स्वतःच्या झोपेचं खोबरं केलं. आता तपासणारा म्हणतो, चोरलंय.

६ मार्च

आज नीट सांगितलं. तिसऱ्या प्रकरणातली दोन पानं कुणा बाईच्या जुन्या लेखातून जशीच्या तशी उचललीत, आणि त्या बाईचं नाव कुठेच दिलेलं नाही — असा शेरा आहे. ती बाई कोण? तर हीच! लग्नाआधी लिहिलेला लेख, माहेरच्या आडनावानं छापलेला. प्रबंधावर आमचं आडनाव. दोघी एकच आहेत, हे तपासणाऱ्याला काय स्वप्नात दिसणार?

मी म्हटलं, मग सांग त्याला आणि हो मोकळी. तर नाही. स्वतःचं घेतलं तरी कुठून घेतलं ते लिहावं लागतं म्हणे. आपल्याच डब्यातली साखर घ्यायची आणि डब्यात चिठ्ठी ठेवायची! कमाल आहे.

तिच्या मार्गदर्शक बाई म्हणाल्या, शेरा निघेल, पण सगळे संदर्भ पहिल्यापासून तपासून द्या. महिनाअखेरपर्यंत. नाही दिले तर दुसऱ्या गावच्या कॉलेजातली नोकरी गेली. ती जागा हिच्यासाठी थांबवून ठेवलीय, पण थांबवून थांबवून किती थांबवणार.

७ मार्च

जेवली नाही. मी दोनदा वाढलं, दोनदा झाकून ठेवलं.

९ मार्च

शेवटी मीच म्हटलं, आण इकडे, मला काय करायचं ते सांग. चौथीपर्यंत शिकलेय, नाव वाचता येतं.

काम असं — ती पानं वाचत जाते. कंसात आडनाव आणि साल आलं की मोठ्यानं म्हणते. मी ते मागच्या यादीत शोधायचं आणि पेन्सिलीनं खूण करायची. आत आहे ते मागे हवंच, मागे आहे ते आत हवंच. आज पाच-सहा जण सापडले, मागे ऐटीत बसलेले, आत कुठे पत्ता नाही. मी म्हटलं, हे फुकट जेवायला आलेत, हाकल यांना. ती हसली. बरं वाटलं.

पण काय ती कटकट! आडनाव, स्वल्पविराम, नावाचं पहिलं अक्षर, टिंब, कंसात साल, पुन्हा टिंब. मासिकाचं नाव तिरपं. मी आयुष्यभर शिवण शिवली, पण एवढे टाके एका ओळीत कधी घातले नाहीत.

आणि लिहिणारे तिघं-चौघं असले तर आत फक्त पहिल्याचं नाव, बाकीचे 'व इतर'. मला रागच आला. काम चौघांचं, नाव एकाचं? ती म्हणाली, आई, बाकीच्यांची नावं मागे असतात की. मी म्हटलं, मागे कोण बघतं! आमच्या घरात जन्मभर 'व इतर'च होते मी.

१२ मार्च

मशीनवर कुणाच्या तरी पँटची चेन बदलत होते, तर मनात तेच घोळत होतं. मुलाचं आणि हिचं मागच्या वर्षी कायद्यानं मोडलं. त्यानं दुसरा संसार मांडला. मी त्याच्याकडे गेले नाही, इथंच राहिले. का, ते कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. सवयीनं सून म्हणते हिला, पण आता ती माझी कोण लागते? सांगायला एक आडनाव तेवढं राहिलंय दोघींचं.

१३ मार्च

तिनं छापील यादी दिली. म्हणाली, चुकलेलं दिसेल तिथं लाल पेननं दुरुस्त करा, मी तसं टाइप करते. त्यात नवी ओळ होती — तिचा तो जुना लेख, माहेरच्या आडनावाखाली. मी आडनाव खोडलं आणि वर आमचं लिहिलं.

तिची नजरचूक असेल, म्हणून सुधारलं, असं मनाशी म्हटलं. खोटं आहे. मला बघवलं नाही.

१४ मार्च

काही बोलले नाही. तिनं टाइप करून पाठवून दिलं.

१९ मार्च

मार्गदर्शक बाईंनी पकडलं. सून कागद घेऊन माझ्यासमोर उभी राहिली.

"आई, हे तुम्ही केलंत?"

"हो."

"का?"

"ते नाव तुझंही आहे म्हणून."

ओरडली असती तर बरं झालं असतं. शेजारी बसली आणि लहान पोराला सांगावं तसं सांगत बसली. लेख ज्या नावानं छापला, त्याच नावानं मागे लिहायचा. दुसऱ्या नावानं कुणी शोधायला गेलं तर लेख सापडणारच नाही, आणि मग म्हणतील, आधी चोरी केली, आता खोटा संदर्भ दिला. माझ्या लाल पेननं तिची नोकरी घालवली असती!

मग म्हणाली, बाई विचारतायत, मुखपृष्ठावर नाव कोणतं ठेवायचं? माहेरचं घ्यायचं तर आताच, पुढे बदलता येणार नाही. आणि माझ्याकडे बघत राहिली.

मी मशीन चालू केलं.

२१ मार्च

मुलाचा फोन. त्याला कुठून कळलं कोण जाणे. म्हणाला, ती आपलं नाव टाकून देणार, मग तू तिथं कोणत्या नात्यानं बसलीयेस? मी म्हटलं, दूध उतू जातंय. दूध नव्हतंच गॅसवर.

२४ मार्च

भाजी निवडता निवडता म्हटलं, माहेरचंच नाव घाल.

"तुम्हाला वाईट वाटेल."

"वाटेलच. म्हणून काय एका बाईच्या दोन करून ठेवणार? शोधणाऱ्याला तुझं सगळं एका ठिकाणी सापडू दे."

ती उठली. आत जाऊन टाइप करत बसली. मी धुतलेले कपडे पुन्हा धुतले.

३० मार्च

दिला एकदाचा. एक प्रत घरी आणली. मुखपृष्ठावर आमचं आडनाव नाही. पानं उलटून बघितली, शेवटची यादीही बघितली. कुठेच नाही. छपाई मात्र चांगली झालीय.

१७ एप्रिल

शेरा निघाला! नोकरी पक्की झाली. जूनमध्ये रुजू व्हायचं. मार्गदर्शक बाई घरी आल्या, पेढे मागत होत्या. मी साखर दिली हातावर, तेवढीच होती घरात.

ती नव्या गावच्या जागा बघतेय, फोटो दाखवतेय. मी बघते आणि छान म्हणते. खोल्या किती, ते विचारत नाही.

मुलाला फोन केला. जूनमध्ये तुझ्याकडे येईन म्हटलं. "बघू," म्हणाला.

१९ एप्रिल

ती फोनवर तिकडच्या घरमालकाशी बोलत होती. मी कपडे घडी करत होते. "वरचा मजला नको. तळमजला असेल तरच सांगा. माझ्या सासूबाईंना जिना चढवत नाही."

मला विचारायची पद्धत तरी! मशीनचे पाय खोलायला घेतलेत. उभं टेम्पोत मावायचं नाही ते.