बाबांच्या हातातली चिप

३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर आपण दोघं भांडतो, म्हणून लिहितो. बाबा परवा पुन्हा हरवले. दूध आणायला म्हणून गेले आणि आपण पूर्वी राहायचो त्या घराची बेल वाजवत उभे राहिले. म्हणून त्यांच्या हातात चिप बसवायचं माझ्या मनात आहे. तांदळाच्या दाण्याएवढी असते, अंगठ्याजवळ कातडीखाली. आमच्या औषधांच्या कारखान्यात आम्ही सगळ्यांनीच बसवून घेतली आहे. हात पुढे केला की दार उघडतं, आणि कोण कुठल्या खोलीत आहे ते फाटकाजवळच्या पडद्यावर दिसतं. तसेच बाबाही दिसतील. त्यांना विचारलं, तर जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस, एवढंच म्हणाले की हिला किल्ली कधी द्यायची.

तुझं मत कळव. शिव्या दिल्यास तरी चालेल.

तुझा,
धाकटा

१० मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

पत्र वाचून डोकंच चालेनासं झालं. बाबा म्हणजे काय गोदामातलं खोकं आहे? शेजारच्या नर्सबाई म्हणाल्या, हृदयात यंत्र चालतं, मग हातात का नको? शिवणवर्गातली मैत्रीण म्हणते, सरकार आपलं सगळं बोलणं ऐकेल. तिला म्हटलं, बाबांचं ऐकून सरकारच कंटाळेल. हसले खरी, पण मग भीतीच वाटली. माणसाला कधीतरी कुणालाही न सांगता कुठे जावंसं वाटत नाही का?

आणि लगेच वाटतं, मी इतक्या लांब. धावाधाव तू करतोस, मी नुसती फोनशी बसून असते. नाही म्हणायचा मला काय अधिकार? पण हो म्हणायलाही जीभ रेटत नाही. तुझं तू ठरव. बाबांना मात्र नीट समजावून सांग.

माया आहेच, रागासकट ठेवून घे.

तुझी,
ताई

२९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बाबा सुखरूप आहेत, हे आधी. चिप बसवली होती. काल सकाळी ते बाहेर पडले ते जेवायलाही आले नाहीत. मी फोनवर चिपचं अ‍ॅप उघडलं, तर त्यांच्या नावापुढे हिरवा ठिपका. म्हटलं, आहेत इथेच कुठेतरी, येतील. आणि मी मूर्खासारखा निवांत बसलो.

संध्याकाळी फोन आला तो जनावरांच्या डॉक्टरांचा. बसथांब्यावर बाबांना घर कुठे ते सांगता येईना, हातात चिप आहे एवढं मात्र सांगितलं. तिथल्या एका बाईंच्या कुत्र्याला अशीच चिप आहे, म्हणून त्या बाबांना तिकडे घेऊन गेल्या. चिप वाचायचं यंत्र त्या भागात तेवढं त्यांच्याकडेच.

डॉक्टरांनी मला समजावलं. चिपमध्ये नाव आणि फोन नंबर, बस. माणूस कुठे आहे हे तिला कळतच नाही. हिरवा ठिपका म्हणजे नोंदणी चालू आहे, इतकंच. कारखान्यात दारं चिप वाचतात, म्हणून आम्ही पडद्यावर दिसतो. रस्त्याला कुठली आलीत दारं? कुणीतरी बघेल म्हणून तू घाबरलीस, मी बघतोय म्हणून निर्धास्त राहिलो, आणि बघत कुणीच नव्हतं. चिपमुळे बाबा सापडले आणि तिच्यामुळेच मी शोधायला गेलो नाही. आता ती चांगली म्हणू की वाईट, मला खरंच कळत नाही.

पण ताई, मन खातंय ते वेगळंच. तू म्हणालीस म्हणून मी बाबांना समजावलं होतं, की आता घाबरायचं नाही, तुम्ही कुठेही असलात तरी मला दिसता. त्या बाई सांगत होत्या, आजोबा दुपारभर हात वर करून बसले होते. हात दुखला की दुसऱ्या हाताने तो धरून ठेवत. बाईंनी कारण विचारलं, तेव्हा म्हणाले, “माझा मुलगा बघतोय. त्याला नीट दिसायला नको?”

जमेल तितक्या लवकर ये.

तुझा,
धाकटा